करा तुम्ही, मी बघतो

साळुंखे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. एखाद्या माणसाचा राग यायला मला त्या काळी एवढं पुरत असे. शाळा तपासायला आलेले अधिकारी, ध्वजवंदनाचे पाहुणे, पूर बघायला आलेले मंत्री, ही सगळी मंडळी अशीच उभी राहतात. समोर जे काही चाललंय ते आपल्या परवानगीनं चाललंय, असा त्या उभं राहण्याचा अर्थ असतो. साळुंखे तर पावणे गावातल्या एका बेताच्या कारखान्यात टूलरूमचे मुख्य होते. टूलरूम म्हणजे जिथे साचे आणि डाय बनतात ती खोली. त्यांच्या हाताखाली माणसं तीन. तीन माणसांवर एवढा रुबाब म्हणजे दरडोई एक तृतीयांश रुबाब, आणि तोही मला जास्त वाटे.

मी त्याच कारखान्यात खरेदी खात्यात होतो. कुठल्याशा ड्रिलची मागणी समजून घ्यायला टूलरूममध्ये गेलो, की हे मशीनपासून दोन पावलं मागे, हात पाठीशी, मान किंचित तिरकी करून उभे. कारागीर विचारायचा, "साहेब, शेवटची कट तुम्ही घेता का?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं.

"करा तुम्ही, मी बघतो."

मी मनात म्हणायचो, झाला हाही मोठा माणूस. साताऱ्याकडून पत्र्याची पेटी घेऊन आलेला, पंचवीस वर्षं लेथवर घासलेला माणूस. शेवटी त्यालाही हात न लावण्याची चैन हवीशी वाटली. कॅन्टीनमध्ये ते चहासुद्धा घेत नसत. "सोडलाय," म्हणायचे. चहा सोडल्याचं अभिमानानं सांगणाऱ्या माणसांबद्दलही माझं मत चांगलं नाही.

माझ्या बगलेत कायम पुस्तक असायचं, म्हणून त्यांनी मला नाव ठेवलं होतं वाचनालय. "या, वाचनालय. आज कुठलं उघडलंय?" हे सगळ्यांदेखत. मी हसून घ्यायचो आणि त्यांची ड्रिल्स आठवडाभर उशिरा मागवायचो.

ऐरोलीला आम्ही एकाच सोसायटीत राहत होतो, पण माझी त्यांची खरी ओळख झाली ती सोसायटीमागच्या प्लॉटवर. तेव्हा ऐरोलीत इमारतींपेक्षा प्लॉटच जास्त होते. मुलुंडकडे जाणारा पूल अर्धाच होऊन खाडीत उभा होता. मागच्या प्लॉटवर मुरूम टाकून ठेवला होता आणि पुढचं बांधकाम कुठल्याशा फायलीत अडकलं होतं. एका रविवारी सकाळी गॅलरीतून बघतो तर त्या मुरमावरून हातभर लांबीची एक गाडी धूळ उडवत सुसाट चालली आहे. चार उघडी काट्याकाट्यांची चाकं, वर पातळ रंगीत टप. मिक्सर रिकामा फिरावा तसा आवाज. प्लॉटच्या मधोमध साळुंखेवहिनी उभ्या होत्या. साडीचा पदर खोचलेला, हातात लांब एरियल काढलेला रिमोट. त्यांच्यामागे दोन पावलांवर साळुंखे. हात पाठीमागे.

म्हणजे घरीसुद्धा हेच! मी खाली उतरलो ते निव्वळ कुतूहलानं नाही, थोडं पुरावा गोळा करायलाही.

गाडीची कथा अशी. वहिनींचा भाऊ न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे कामाला होता. जहाजावरच्या कुणा इंजिनियरनं जपानहून आणलेला एक खोका, जोडायला वेळ मिळत नाही म्हणून, त्याला देऊन टाकला. आत विजेवर चालणारी शर्यतीची बग्गी, शेकडो सुट्या भागांत. भावानं तो खोका दाजींकडे आणला. सोबतचं माहितीपत्रक जपानी. चित्रं बघून साळुंख्यांनी सगळी गाडी उभी करून घेतली, फक्त एका पानावर चित्र नव्हतं. ते पान त्यांनी त्याच दिवशी माझ्यापुढे धरलं.

"वाचा."

"मला जपानी येत नाही."

"मग एवढी पुस्तकं कशाला बाळगता?"

वहिनी हसल्या. मीही हसलो, पण जरा उशिरा.

त्यानंतर रविवारी सकाळी प्लॉटवर जायची मला सवय लागली. बॅटरी एकदा चार्ज केली की जेमतेम सहा मिनिटं चाले. त्या सहा मिनिटांत जे कळेल ते कळेल, मग पुन्हा तास-दीड तास थांबायचं. त्या थांबण्यात साळुंख्यांचं खरं काम चाले, आणि ते मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही संशोधनाहून शिस्तशीर होतं.

चालवायच्या वहिनी. गाडी कशी वागते हे सांगायच्याही त्याच, आणि ते त्यांच्या भाषेत. "वळणावर म्हशीवानी मागनं फिरती." किंवा, "खड्ड्यातनं वर आली की उचकी लागल्यागत करतीय." साळुंखे डोळे मिटून ऐकायचे. मग म्हणायचे, "मागच्या स्प्रिंगा कडक झाल्या." किंवा, "पुढच्या शॉकमधलं तेल पातळ हाय." म्हशीचं आणि उचकीचं यंत्रशास्त्रात असं बिनचूक भाषांतर करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. पान्हा, स्क्रूड्रायव्हर मात्र वहिनींच्या हातात. त्या घरी शिलाईची कामं करायच्या, सुईत दोरा एका फटक्यात ओवायच्या; बारीक स्क्रू त्यांच्या बोटांत नीट बसायचे. साळुंखे मागे उभे राहून सांगायचे, "अर्धा आटा. बास. आता पाव उलटा."

त्यांचा नियम होता, एका वेळी एकच बदल. एकदा मी शहाणपणानं म्हटलं, स्प्रिंग आणि तेल दोन्ही एकदमच बदला की, वेळ वाचेल.

"आणि गाडी सुधारली तर कशानं सुधारली म्हनून लिहू?"

"लिहायलाच हवं का?"

"हे वाचनालय विचारतंय," ते वहिनींना म्हणाले.

लिहायची एक शंभरपानी वही होती. अक्षर वहिनींचं, मजकूर साळुंख्यांचा. एक नोंद मला अजून आठवते: 'मागची स्प्रिंग मऊ. डावं वळण बरं. उजवं तसंच. चालक नाराज.' चालक म्हणजे वहिनी. स्वतःच्या नाराजीची नोंद त्या निर्विकारपणे करून घ्यायच्या.

शॉकमध्ये, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या नळ्यांमध्ये, भरायचं तेल इथे मिळत नव्हतं. त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत शिलाई मशिनचं तेल आणि एरंडेल वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून ठेवलं होतं. प्रत्येक बाटलीत एक छर्रा सोडायचा आणि तो तळाला जाईपर्यंत आकडे मोजायचे. पाच आकडी तेल, आठ आकडी तेल, बारा आकडी तेल. घरातलं एरंडेल संपलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "गाडीचं पोट साफ झालं, आता मानसांचं काय?"

माझा या संशोधनातला वाटा एकच, आणि तो जबरदस्तीनं वसूल केलेला. मोटरच्या दांड्यावर एक छोटं दातेरी चाक असतं, ते मोठ्या दातेरी चाकाशी भिडतं. फार घट्ट भिडलं तर मोटर तापते, सैल राहिलं तर दात झिजतात. दोघांमध्ये कागदाची पट्टी घालून मोटर आवळायची आणि मग पट्टी ओढून काढायची. उरते ती फट बरोबर. वर्तमानपत्राचा कागद त्यांना पातळ वाटे, वहीचा जाड. एके दिवशी त्यांची नजर माझ्या पुस्तकावर पडली.

"वाचनालय, एक समास द्या."

"म्हणजे?"

"कडेची कोरी पट्टी. तिथं कुठं काय छापलंय?"

मी आयुष्यात पुस्तकाचं पान दुमडलेलं नाही. वहिनींनी माझा चेहरा पाहिला आणि स्वतःच्या शिलाईच्या बिलबुकाचा कागद काढून दिला. तो त्यांनी चिमटीत घासून पाहिला आणि नाइलाजानं चालवून घेतला. त्या दिवशीची नोंद: 'कागद बरा नाही. चांगला कागद उपलब्ध, पण मिळाला नाही.'

मग एका संध्याकाळी मी न सांगता त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. साळुंखे पाटावर बसून चहा पीत होते. मोठा स्टीलचा पेला, त्यात अर्ध्याहून कमी चहा, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. तरी पेल्यात चहा नाचत होता. मला बघून त्यांनी तो खाली ठेवायला घेतला आणि फरशीवर पेल्याचा जो खडखडाट झाला, तो ऐकून मी चपला घालून परत निघणार होतो.

"बसा," ते म्हणाले. "आता बघितलंच हाय, तर बसा."

दोन वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, जीवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. बारीक काम करायला गेलं की थरथर वाढते. हात पाठीमागे एकमेकांत अडकवले की कमी दिसते.

म्हणजे तो रुबाब नव्हताच. मी इतके दिवस ज्या उभं राहण्याचा मनातल्या मनात पंचनामा करत होतो, त्यात एक माणूस स्वतःचे हात पकडून ठेवत होता.

"कंपनीत बोलू नका," साळुंखे म्हणाले. आमचे वर्क्स मॅनेजर कर्णिकसाहेब नवीन मशीन आणणार होते आणि टूलरूममधली माणसं कमी करायची यादी त्यांच्या टेबलावर होती. यादी टाइप करायला माझ्याच खात्यात यायची होती. "मला तीन वर्षं राहिलीत. हे कळलं तर गेटवर बसवतील. ट्रकच्या पावत्या फाडत बसू?"

"त्या तरी फाडता येतील का, ते बघा आधी," वहिनी आतून म्हणाल्या. दोघंही हसले. मला हसता आलं नाही.

पुढच्याच महिन्यात बाळादादांनी अशा गाड्यांची स्पर्धा जाहीर केली. बाळादादा मूळचे तिथल्याच गावचे. जमिनी गेल्यावर ते बिल्डर झाले होते आणि मन मोठं असल्यामुळे कुठलंही काम 'भव्य' हा शब्द लावल्याशिवाय करत नसत. वाशी-नेरुळकडून हौशी लोक गाड्या घेऊन येणार होते. कर्णिकसाहेबही. त्यांच्याकडे बाहेरून मागवलेली, तयार जोडलेली बग्गी होती, आणि कमरेला पेजर.

स्पर्धेच्या रविवारी मैदानावर सकाळी लवकर प्राथमिक फेऱ्या झाल्या. जमीन कोरडी, भुसभुशीत. वहिनींनी गाडी अशी काही चालवली की लोक गाडीऐवजी त्यांच्याकडे बघायला लागले. सहा गाड्या अंतिम फेरीत गेल्या. त्यात वहिनींची पहिली, कर्णिकसाहेबांची तिसरी. अंतिम फेरी प्रमुख पाहुण्यांसमोर व्हायची होती. पाहुणे दहाला येणार होते.

साडेनऊला टँकर आला.

"बाळादादा, हे काय?" साळुंख्यांनी विचारलं.

"पानी मारतोय. पाहुन्यांच्या कपड्यांवर धूल नको उडाया."

"आवं, जमीन ओली झाली तर गाड्या पलटतील."

"पलटू दे ना मास्तर. पाहुनं कोरडं राहिलं पायजेत."

एवढ्या मोठ्या मैदानात कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे पाहुणे येण्याआधी पाणी मारतात. त्या जमिनीवर नंतर काय व्हायचंय हा वेगळा विषय. साळुंखे वाद न घालता टेबलाकडे वळले. दमट मुरमावर चाकं जमीन फार घट्ट धरतात आणि वळणात गाडी कोलमडते. त्यांनी कडक स्प्रिंगा लावून घेतल्या, गाडी खाली बसवली. चिखलात मोटरवर ताण नको म्हणून तिच्या दांड्यावरचं दातेरी चाकही लहान घातलं. हात वहिनींचे, हुकूम यांचा. शेजारच्या टेबलावरून कर्णिकसाहेब ते बघत होते आणि आपल्याही गाडीत तसंच करत होते.

दहाचे बारा झाले. पाहुणे आले नाहीत, ऊन आलं. मुरूम वाळत गेला, आधी कडेनं, मग मधोमध. साडेबाराला पाहुणे आले, आणि बाळादादांना सुचलं की एकमेव महिला स्पर्धक व्यासपीठावर पाहिजे. वहिनींना नेऊन ओवाळायला उभं केलं, मग खुर्चीवर बसवलं. एकेक सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फोटो. मग माइकवरून घोषणा झाली, की पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असल्यामुळे अंतिम फेरी दहा मिनिटांत.

गाडी ओल्या जमिनीसाठी लावलेली, जमीन पापडासारखी कोरडी, आणि साळुंख्यांचे हात व्यासपीठावर पाहुण्यांच्या डाव्या बाजूला बसलेले.

वहिनी तिथून आमच्याकडे बघत होत्या. उठायला गेल्या, तर बाळादादांनी नमस्कार करून बसवलं.

"वाचनालय," साळुंखे हलक्या आवाजात म्हणाले, "स्प्रिंगा काढा."

मी काढल्या. चौथी काढताना ती माझ्या बोटांतून सुटली आणि सरळ कर्णिकसाहेबांच्या टेबलाखाली गेली. तोवर इकडे साळुंख्यांनी हात पुढे घेतले होते. मोटरचं दातेरी चाक एका तांदळाएवढ्या स्क्रूवर असतं. त्यांनी किल्ली लावायचा प्रयत्न केला. किल्ली स्क्रूच्या भोवती फिरत राहिली, आत जाईना. दुसऱ्यांदा गेली, स्क्रू निघाला, आणि धुळीत पडला.

कर्णिकसाहेब स्प्रिंग परत द्यायला आले होते. ते तिथेच थांबले. साळुंख्यांचे हात टेबलावर होते, उघडे, आणि लपवायला आता वेळ नव्हता. मी उगीचच दोघांच्या मध्ये उभा राहिलो. साळुंख्यांनी मला बाजूला केलं.

"साहेब, माझे हात हालतात," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुमच्या यादीचं सोमवारी बघू. आता एवढा स्क्रू धरता का?"

कर्णिकसाहेबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. मग पेजर टेबलावर काढून ठेवला, गुडघ्यावर बसून धुळीतून स्क्रू वेचला आणि फुंकर मारून म्हणाले, "सांगा."

साळुंखे दोन पावलं मागे सरकले. हात पाठीमागे गेले नाहीत.

"करा तुम्ही," ते म्हणाले. "मी बघतो."

मी मऊ स्प्रिंगा चढवल्या. मोटरच्या दांड्यावर आधीचं मोठं चाक चढलं. मोटर पुढे सरकली. "आता कागद," ते म्हणाले आणि आजूबाजूला शोधू लागले. माझ्या बगलेत पुस्तक होतं. मी समास फाडला. त्याचा आवाज मला व्यासपीठावरच्या माइकपेक्षा मोठा वाटला.

"हा बरा कागद," साळुंखे म्हणाले.

वहिनी कपाळावर कुंकू, गळ्यात हार अशा धावत आल्या आणि रिमोट घेतला. आपल्याला कुणी काय लावून दिलंय हे त्यांनी विचारलं नाही. शेवटच्या वळणापर्यंत त्या पहिल्या होत्या. तिथे हाराचं फूल रिमोटच्या दांड्यावर आलं म्हणा किंवा काही म्हणा, नेरुळची एक गाडी आतून निघाली. त्या दुसऱ्या आल्या. कर्णिकसाहेबांची दहा मिनिटं आमच्या टेबलावर गेल्यामुळे त्यांची गाडी ओल्याचीच राहिली होती. ती प्रत्येक वळणावर म्हशीवानी मागनं फिरली आणि सहावी आली. त्यांच्याबद्दलची माझी बरीच मतं मला त्यानंतर दुरुस्त करावी लागली, आणि ते काम मला जड गेलं.

सोमवारी यादी आली. साळुंख्यांचं नाव तीत होतं. त्यांचं वर्कबेंच दुसऱ्याला द्यायचं होतं, मशीनवरचं काम बंद. पुढे लिहिलं होतं: टूलरूममध्येच राहून नवीन मशीनच्या कामात मार्गदर्शन करतील. मार्गदर्शन या शब्दाचा मी आयुष्यभर तिरस्कार केला आहे. तो शब्द मी त्या दिवशी दोनदा तपासून टाइप केला.

साळुंखे खूश झाले नाहीत. पंचवीस वर्षांचं बेंच त्यांनी रिकामं केलं आणि हत्यारांची पेटी घरी नेली. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये येऊन त्यांनी चहा मागितला. दोन्ही हातांनी पेला धरला. थोडा सांडला. "पुसा कुनीतरी," म्हणाले आणि उरलेला प्यायले.

निवृत्तीनंतर ती दोघं साताऱ्याकडे गेली. त्याआधीचा शेवटचा रविवार मला दिसतो. मागच्या प्लॉटची फाईल सुटली होती. अर्ध्या भागात खांबांच्या सळ्या उभ्या राहिल्या होत्या. उरलेल्या अर्ध्यात वहिनी गाडी चालवत होत्या. कर्णिकसाहेब आपली बग्गी उलटी करून मुरमात मांडी घालून बसले होते आणि साळुंखे त्यांच्यासमोर उकिडवे. हात पुढे, सगळ्यांदेखत थरथरणारे. एका बोटानं ते कुठलासा स्क्रू दाखवत होते. बोट इकडेतिकडे हलत होतं, पण स्क्रू कुठला हे कर्णिकांना नेमकं कळत होतं.

मला येताना बघून त्यांनी नुसता हात पुढे केला, तळवा वर. कालच घेतलेलं नवंकोरं पुस्तक होतं, अजून वाचलंही नव्हतं. मी शेवटून एक पान उघडलं आणि समास फाडून त्यांच्या हातावर ठेवला.